डॉटनंतरचं आडनाव

आडनाव विचारून माणसाची पारख करायची आपली जुनी खोड. विंडोजही तेच करतं. फाईलच्या नावातला शेवटचा डॉट शोधायचा, त्यापुढची अक्षरं वाचायची आणि ठरवायचं, हिला कोण उघडणार. आत काय लिहिलंय ते बघायचं कष्ट कशाला घ्या!

आमच्या बाबांच्या जुन्या मशीनवर उबुंटू होतं. घरखर्चाच्या फायलींना त्यांनी नावं दिली होती 'हिशेब.२०१४', 'हिशेब.२०१५'... अशी २०१९ पर्यंत. तिथे डबल क्लिक केलं की उघडायच्या. नवा विंडोज लॅपटॉप आला आणि सगळ्यांचे पांढरे कागद झाले. प्रत्येक वेळी एकच प्रश्न, कुठल्या अ‍ॅपने उघडू? बाबांचा फोन, "खराब झाल्या रे सगळ्या. टाकतो डिलीट करून." म्हटलं, बाबा, थांबा! आजीच्या शेवटच्या दोन वर्षांचं औषधपाणी, तिने मागवलेल्या हापूसच्या पेटीसकट, त्यातच लिहिलेलं आहे.

भानगड अशी की विंडोजच्या मते '२०१४' हे एक एक्सटेंशन आणि '२०१५' हे दुसरं. एकाला 'ऑलवेज' म्हणून नोटपॅड दिलं तरी दुसरं अनोळखीच. लिनक्समध्ये नावावरून कळलं नाही तर फाईलच्या आत डोकावतात. ओळखीची खूण सापडली नाही, तर सुरुवातीचे १२८ बाइट तपासायचे. त्यात कंट्रोल कॅरेक्टर नसतील तर साधा मजकूर समजायचा. मग 'टेक्स्ट/प्लेन' या एका प्रकाराला एकदा एडिटर ठरवून दिला, की असल्या सगळ्या फायलींचं काम झालं.

विंडोजवर मी सोपा मार्ग धरला. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबायची, इंग्रजीत 'शेल:सेंडटू' टाईप करायचं आणि उघडलेल्या फोल्डरमध्ये नोटपॅडचा शॉर्टकट ठेवायचा. आता कुठल्याही फाईलवर राइट क्लिक, सेंड टू, नोटपॅड. (विंडोज ११ मध्ये आधी 'शो मोअर ऑप्शन्स'.) बाबांना फोनवर पाच मिनिटांत जमलं.

आणि अनोळखी फाईलसाठी नोटपॅडच का? कारण ते फक्त वाचतं, काही चालवत नाही. मे २००० मधला 'आय लव्ह यू' व्हायरस आठवतोय? फाईलच्या नावात टीएक्सटी दिसायचं. खरं एक्सटेंशन व्हीबीएस, पण 'ओळखीचं' म्हणून विंडोजने ते लपवलेलं. लोकांनी प्रेमपत्र समजून क्लिक केलं आणि स्क्रिप्ट चालली. ही लपवाछपवी आजही डिफॉल्टने सुरू असते बरं का. व्ह्यू मेनूत जाऊन 'फाईल नेम एक्सटेन्शन्स' आजच चालू करा.

असो. आईबाबांच्या मशीनवरही या वीकेंडला एवढं करून द्या. आणि पांढरा कागद दिसला तर डिलीट करण्याआधी एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघायला सांगा. :)