दिवस जमा होतो तो झोपल्यावर



गेल्या सहामाही परीक्षेनंतरची गोष्ट. एक आई दहावीतल्या आपल्या मुलाला घेऊन आमच्या कार्यालयात आल्या. तक्रार अशी : "सर, हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत शेती करतो." आम्हाला वाटले, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. इंदूरच्या फ्लॅटमध्ये कसली शेती? मग उलगडा झाला. शेती संगणकावरची होती. खेळाचे नाव 'स्टारड्यू व्हॅली'.

गुण घसरले होते, तेव्हा रागावणे भागच होते. पण ज्याच्यासाठी मुलगा झोप सोडतो ते एकदा पाहावे, म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर त्याला भावाचा लॅपटॉप आणायला सांगितले. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले आणि पडद्यावर सगळी इंग्रजी. त्यामुळे त्या दिवशी गुरुजी तो झाला आणि विद्यार्थी आम्ही.

खेळाची सुरुवात अशी. आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत. ते नातवाला एक बंद लिफाफा देतात आणि सांगतात, आयुष्याचे ओझे असह्य होईल त्या दिवशी उघड. पुढे नातू एका मोठ्या कंपनीत नोकरीला लागतो. ओळीने टेबले, प्रत्येकापुढे संगणक, आणि एका खुर्चीत तर चक्क हाडांचा सांगाडा बसलेला! नातू लिफाफा उघडतो. आत आजोबांच्या शेताचे पत्र निघते. तो नोकरी सोडून गावी येतो आणि खेळ सुरू होतो.

आम्ही उत्साहाने कुऱ्हाड घेतली. रान माजलेले होते. झाडे तोडली, दगड फोडले, गवत कापले. कोपऱ्यात शक्तीची एक उभी पट्टी असते, ती घावागणिक उतरत होती. मुलगा म्हणाला, "सर, आता थांबा." आम्ही म्हटले, एवढे एक झाड. आमचा शेतकरी आधी रखडत चालू लागला आणि मग कोसळला. दुसऱ्या दिवशी उठला तो अर्ध्याच शक्तीने.

मुलगा सहज बोलून गेला, "तुम्ही त्याला झोपूच दिलं नाही, सर."

मग त्याने नियम समजावले. खेळातला दिवस सकाळी सहाला सुरू होतो. रात्री दोनपर्यंत अंथरूण गाठले नाही, तर माणूस असेल तिथे पडतो. मध्यरात्रीनंतर झोपले, तर सकाळी शक्ती पूर्ण भरत नाही. पाऊस पडला, तर त्या दिवशी पिकाला पाणी घालावे लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे : दिवसभराचे काम संगणकात जतन होते ते शेतकरी झोपल्यावरच. न झोपता खेळ बंद केला, तर तो अख्खा दिवस वाया!

आम्ही त्याला विचारले, "शेतकऱ्याला तू किती वाजता झोपवतोस?"

"बाराच्या आत, सर. रोज."

"आणि तू?"

तो खाली पाहू लागला. त्याच्या आई हसल्या. आम्हालाही हसू आले, पण ते टिकले नाही. कारण हाच प्रश्न आम्हाला कुणी विचारला असता, तर?

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या अति ताणातून येणाऱ्या 'बर्नआउट'ची तीन लक्षणे सांगितली : शक्ती संपणे, कामाबद्दल मन दुरावणे आणि काम पूर्वीसारखे न जमणे. मागच्या वर्षी बोर्डाच्या दिवसांत तिन्ही आम्ही अनुभवली. त्यातले दुसरे सांगताना लाज वाटते. मुलांकडे पाहिले की चेहरे दिसेनात, टक्के दिसत. त्याच भरात रविवारचे ज्यादा वर्ग आम्हीच सुरू केले. सकाळच्या सराव परीक्षेत एक मुलगी उत्तरपत्रिकेवर डोके ठेवून झोपली, तेव्हा आम्ही तिला उठवले आणि वर उपदेशही केला. ती रात्री किती वाजता झोपली होती, हे विचारले नाही. तिच्या शक्तीची पट्टी आम्हाला दिसली नाही, आणि दिसती तरी "एवढा एक धडा" असेच आम्ही म्हटले असते.

हा खेळ एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने एकट्याने केला. पदवीनंतर नोकरी मिळेना, तेव्हा त्याने तो करायला घेतला. लहानपणी त्याला एका जपानी शेतीखेळाचा नाद होता, त्यावरून ही कल्पना. चित्रे, संगीत, संवाद सगळे स्वतःचे. साडेचार वर्षे राबून २०१६ मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला. विश्रांती शिकवणारा खेळही अशा ढोर मेहनतीतून आला! मेहनतीला पर्याय नाही, हे आम्ही आजही म्हणतो. मात्र मेहनत अंगी लागायची तर झोपही हवी, हे आता त्याला जोडतो.

विश्वस्त मंडळाशी बोलून या सत्रापासून रविवारचे वर्ग बंद केले आहेत. सोमवारी एकाही विषयाची चाचणी होणार नाही. "निकाल घसरला तर?" असे काही पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. घसरला तर जबाबदारी आमची, मुलांची नव्हे.

पालकांना विनंती एवढीच की मोकळा झालेला रविवार दुसऱ्या शिकवणीने भरू नका. आणि विद्यार्थ्यांनो, तो पडद्यापुढेही घालवू नका. खेळातल्या शेतकऱ्याला झोपवून स्वतः जागे राहणे म्हणजे विश्रांती नव्हे.

तो मुलगा आता साडेदहाला झोपतो, असे त्याच्या आई सांगतात. आम्ही अजून अकराच्या अलीकडे आलेलो नाही. प्रयत्न चालू आहे.

— मुख्याध्यापक