नावापुढची तारीख

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शकांना एक परिच्छेद आहे, शिष्यवृत्ती देणाऱ्यांना एक आहे, आईवडिलांना आहे. मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टनच्या वेशीवर, ज्यांच्या घरी मी भाड्याने राहिले त्या बाईंच्या वाट्याला अर्धंच वाक्य आलं, आणि तेही त्यांच्या आग्रहाखातर नाव न घेता. जन्मभर दुसऱ्याच्या नावामागे राहून काम केलेल्या माणसाचा तो आग्रह होता. मी तो तेव्हा पाळला आणि आजही पाळते आहे. पण त्यांच्याकडून मी काय घेतलं, ते सांगायचं राहून गेलंय.

लोकप्रतिनिधी एकमेकांना साथ कशी देतात हे आकड्यांतून तपासणं, हा माझा विषय. अमेरिकन काँग्रेसमध्ये एखाद्याने विधेयक मांडलं की इतर सदस्य त्यावर सहप्रस्तावक म्हणून आपलं नाव घालू शकतात. सिनेटमध्ये ही पद्धत १९३०च्या दशकापासून रूढ आहे. प्रतिनिधिगृहाने ती १९६७ साली स्वीकारली. तेव्हा एका विधेयकावर जास्तीत जास्त २५ नावं चालत; १९७८ मध्ये ती अटही निघाली. प्रत्येक सदस्य म्हणजे कागदावरचा एक ठिपका. मी तुमच्या विधेयकावर नाव घातलं की माझ्याकडून तुमच्याकडे एक रेघ. शेकडो सदस्य, हजारो विधेयकं आणि वर्षामागून वर्षं; या साऱ्याचं मिळून जे जाळं तयार होतं, त्यात कोण मध्यभागी बसलंय, कोण कडेला पडलंय आणि दोन पक्षांना सांधणारे धागे कुठे उरलेत, हे गणिताने काढता येतं.

हे काम ज्यांच्यामुळे उभं राहिलं त्या जेम्स फाउलर यांचं ऋण या क्षेत्रातल्या सगळ्यांवरच आहे. त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९७३ ते २००४ या काळातले दोन लाख ऐंशी हजारांहून अधिक प्रस्ताव एकत्र बांधले. त्यांनी केलेली एक गोष्ट मला आजही फार सुंदर वाटते. विधेयकावर दोनशे नावं असतील, तर त्यातल्या एका नावाने दोन माणसांच्या संबंधाबद्दल फारसं काही कळत नाही. एकच नाव असेल तर बरंच कळतं. म्हणून त्यांनी प्रत्येक रेघेचं वजन नावांच्या संख्येने भागलं आणि मग सगळ्या विधेयकांवरची बेरीज केली. अशा जाळ्यात जो सदस्य जास्त जोडलेला, त्याच्या दुरुस्त्या सभागृहात जास्त मंजूर होतात, असं त्यांना आढळलं. पुण्यात संख्याशास्त्र शिकलेल्या माझ्यासारखीला राजकारणात शिरायचं दार इथे उघडं सापडलं.

बाई काँग्रेसच्या कर्मचारी होत्या. एका सदस्याच्या कार्यालयात टपाल फोडण्यापासून सुरुवात करून पुढे विधेयकांचं सगळं काम सांभाळण्यापर्यंत पोचल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. वरची खोली भाड्याने द्यायच्या. मी काय शिकते म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, “एखाद्या विधेयकाची यादी छापून आण.”

ती यादी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. डावीकडे सहप्रस्तावकांची नावं, उजवीकडे प्रत्येकाने नाव घातल्याची तारीख. विधेयक मांडलं त्याच दिवशी आलेल्या नावांपुढे एक छोटी चांदणी. ही तारीख माझ्या माहितीसाठ्यातही होती, पण तिचं काय करायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. बाईंनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि शिसपेन्सिलीने तारखांच्या मध्ये आडव्या रेघा मारल्या. “ही चांदणीवाली नावं, विधेयक पेटीत पडायच्या आधी ज्यांच्याकडे कोणीतरी जाऊन आलं त्यांची.” पेटी म्हणजे खरोखरच पेटी, प्रतिनिधिगृहातल्या लिपिकाच्या मेजापाशी असते, विधेयक तिच्यात टाकलं की ते मांडलं गेलं. खाली दोन महिने काही नाही, मग एका दिवसात आठ नावं. “इथे सहकाऱ्यांकडे साथ मागणारं ‘डिअर कलीग’ पत्र फिरलं असेल. नाहीतर एखाद्या संघटनेची माणसं गावोगावहून येऊन आपापल्या खासदाराला भेटून गेली असतील.” आणि त्याच्याही खाली एकटंच एक नाव, पलीकडच्या पक्षाचं. बाई तिथे थांबल्या. “असं नाव पत्राने येत नाही. मतदान चालू असताना सभागृहात गाठून मागितलेलं आहे हे.” तो सदस्य कोण, त्याच्याबद्दल त्यांना काय माहीत आहे, हे मी विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. इतक्या संध्याकाळी आम्ही बोललो, पण एकाही सदस्याबद्दलची आतली गोष्ट त्यांच्या तोंडून बाहेर पडली नाही. मला हवी होती ती कामाची रीत, आणि ती त्यांनी हातचं न राखता दिली.

प्रतिनिधिगृहात सहप्रस्तावकाची सहीसुद्धा लागत नाही, हे त्यांनीच सांगितलं. सही प्रस्तावकाची असते. बाकीची नावं अर्जावर लिहून दिली जातात. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात निरोप जातो, तिथला पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी आपल्या साहेबांना विचारून होकार कळवते. “तुझे ठिपके सदस्यांचे असतील,” त्या म्हणाल्या, “पण रेघा आमच्या आहेत.” या एका वाक्यावर माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण उभं आहे. सदस्य निवृत्त झाला की ठिपका पुसला जातो, पण त्याच्याकडची माणसं दुसऱ्या कार्यालयात जातात आणि जुन्या ओळखी बरोबर नेतात, हे त्या वाक्याशिवाय मला सुचलं नसतं.

पोस्ट ऑफिसची गोष्ट तर त्यांनी सहज बोलता बोलता सांगितली. एखाद्या पोस्टाच्या इमारतीला कोणाचं नाव द्यायचं तर त्यासाठीही काँग्रेसमध्ये विधेयक येतं, आणि प्रतिनिधिगृहातल्या संबंधित समितीचा दंडक असा की त्या राज्याच्या सगळ्या सदस्यांनी सहप्रस्तावक व्हायचं. म्हणजे इथे नाव घालणं ही मैत्री नाही, पसंतीही नाही. ती अट आहे. काँग्रेसच्या सुवर्णपदकाचंही तसंच, तिथे प्रतिनिधिगृहातल्या ४३५ पैकी २९० सदस्यांची नावं लागतात. पदकाचा प्रश्न फाउलर यांच्या भागाकाराने सुटतो, कारण २९० जणांत वाटलेलं वजन नगण्य होतं. पोस्टाचा सुटत नाही. आयडाहोसारख्या राज्याचे प्रतिनिधिगृहात दोनच सदस्य. एकाने विधेयक मांडलं तर सहप्रस्तावक उरतो एकच, आणि भागाकाराच्या नियमाने नेमक्या त्या सक्तीच्या रेघेला पूर्ण वजन मिळतं. मोठ्या राज्यांत हा दोष पातळ होतो, लहान राज्यांत घट्ट. मी ती विधेयकं वेगळी काढली, आणि माझ्या जाळ्यातली काही राज्यं एकदम सैल झाली. मार्गदर्शकांनी त्याबद्दल माझं कौतुक केलं, तेव्हा मी ते श्रेय कोणाचं आहे हे तिथल्या तिथे सांगितलं.

एका शनिवारी त्या मला कॅपिटॉलसमोर, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जेफर्सन इमारतीपाशी घेऊन गेल्या. इथे पूर्वी घरांची रांग होती, आणि त्यात मिसेस स्प्रिग यांची खाणावळ. अब्राहम लिंकन प्रतिनिधिगृहाचे सदस्य असताना तिथे उतरायचे. गुलामगिरीचे कट्टर विरोधक जोशुआ गिडिंग्जही त्याच पंगतीला. राजधानीतली गुलामगिरी संपवण्यासाठी लिंकन यांनी जानेवारी १८४९ मध्ये विधेयकाचा मसुदा तयार केला, तेव्हा संध्याकाळच्या चहानंतर सगळी पंगत जेवणघरातच बसून त्यावर बोलत राहिली, अशी नोंद गिडिंग्ज यांच्या रोजनिशीत आहे. ते विधेयक रीतसर मांडलंच गेलं नाही. म्हणजे आजच्या माहितीसाठ्यांच्या पद्धतीने पाहिलं तर त्या संध्याकाळची एकही रेघ उमटत नाही. बाईंना मला तेवढंच दाखवायचं होतं.

जेम्स स्टर्लिंग यंग यांनी १९६६च्या आपल्या ग्रंथात असं मांडलं होतं की १८०० ते १८२८ या काळात एका खाणावळीत राहणारे सदस्य एकसारखं मत देत. पुढे बोग आणि मार्लेअर यांनी नंतरच्या काळातली मतदानं तपासून दाखवलं की पंगतीपेक्षा पक्ष आणि प्रांत यांचा जोर जास्त होता. मुळात एका विचाराची माणसं एका घरात उतरत होती. या शास्त्रातला खरा पेच इथेच आहे. जवळ बसल्याने माणसं जुळतात, की जुळलेली माणसं जवळ बसतात? कॅलिफोर्नियाच्या असेंब्लीत दोघांना मिळून एक मेज असतं आणि मेजाचे जोडीदार मतंही सारखी देतात, असं एका अभ्यासात दिसलं. पण तिथे जागा नेमून दिल्या जातात. आइसलँडच्या संसदेत मात्र आसनं चिठ्ठ्या टाकून ठरतात, म्हणून अभ्यासकांच्या दृष्टीने ती संसद सोन्याहून पिवळी. अमेरिकेतही नव्या सदस्यांच्या कार्यालयांचा क्रम चिठ्ठीनेच लागतो. रोगोव्स्की आणि सिंक्लेअर यांनी २०१२ साली तो धागा पकडून पाहिलं, तर कार्यालयांच्या शेजारामुळे सदस्यांच्या वागण्यात फरक पडल्याचं दिसलं नाही. मी हे सांगितल्यावर बाईंना जराही नवल वाटलं नाही. सदस्य आपल्या खोलीत असतोच कुठे? समितीत असतो, सभागृहात असतो, गुरुवारी संध्याकाळी विमानतळावर असतो. शेजार होतो तो खोलीत दिवसभर बसणाऱ्यांचा.

इकडे परत आल्यावर माझ्यापुढे प्रश्न होता की आपल्याकडे रेघ काढायची कशावरून. मतदानावरून काढण्यात अर्थ नाही. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं, शिवाय बरेचसे निर्णय आवाजी मतदानाने होतात. खासगी विधेयकावर एकाच सदस्याचं नाव असतं. मला हे फार खटकतं. दोन पक्षांच्या दोन माणसांनी मिळून एखादं काम केल्याची साधी नोंदसुद्धा राहू नये, याने आपल्या सभागृहांचं आपल्याच मनातलं चित्र भांडणांपुरतं उरतं. शोधता शोधता हाती लागले तारांकित प्रश्न. महाराष्ट्राच्या विधानसभेत एकेका प्रश्नावर अनेक आमदारांची नावं असतात, कधी वेगवेगळ्या पक्षांच्याही. मी हरखून बाईंना पत्र लिहिलं.

त्यांचं उत्तर आलं त्यात अभिनंदन नव्हतं, प्रश्न होते. ही नावं आमदारांनी एकत्र दिली, की एकाच विषयावरचे प्रश्न आले म्हणून सचिवालयाने ती एकाखाली एक छापली? दिल्लीत, लोकसभेत, असे प्रश्न एकत्र केले जातात हे मला ठाऊक होतंच. नावापुढे तारीख आहे का? नसेल तर पहिलं नाव कोणाचं? आणि प्रश्न लिहितं कोण? शेवटचा प्रश्न वाचला आणि मी थेट स्वीय सहायकांच्या मागे लागले. आमदारांच्या मागे हिंडणाऱ्या त्या पी.ए. मंडळींकडे फायली असतात, दोन-दोन फोन असतात आणि मतदारसंघातल्या प्रत्येक नळयोजनेची माहिती तोंडपाठ असते.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सच्या आमदार निवासात सगळे एकाच ठिकाणी भेटतील, म्हणून मी तिथे जायचं ठरवलं होतं. बाईंनी कळवलं, अधिवेशनात जाऊ नकोस. तेव्हा त्यांना जेवायलाही उसंत नसते आणि जे सांगतील ते साहेबांच्या सोयीचं सांगतील. अधिवेशन उठलं की आठवड्याभराने जा, कागद घेऊन जा, आणि एकेका नावावर बोट ठेवून विचार, हे कोणी आणलं. मी मुंबईला गेले, याद्या छापून नेल्या. पहिल्याच तरुणाने यादी आपल्याकडे ओढली, खिशातून पेन काढलं आणि नावांच्या मध्ये आडव्या रेघा मारायला सुरुवात केली.