संघात किमान एक मुलगी

मालवणच्या बाजारात माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. असं दुकान चालवणाऱ्याला कॉलेजच्या मुलांचं वर्ष पाठ असतं. आधी ॲडमिशन, मग महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, मग परीक्षेचे. पाऊस ओसरायला लागला की कॉम्प्युटर शिकणारी मुलं प्रेझेंटेशनच्या प्रिंट मागायला येतात, तेव्हा समजायचं, हॅकॅथॉन आलं.

माझी भाची बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज जिल्ह्यातलंच, मुंबई विद्यापीठाला जोडलेलं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी ती दुकानात आली, काउंटरवर बॅग आपटली आणि म्हणाली, "मामू, मला टीममध्ये घेतलं."

मी म्हटलं, "मुबारक हो. कसली टीम?"

"स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन. पाच मुलं आहेत. त्यांना एक मुलगी लागते."

वाचकांपैकी सगळ्यांना हे माहीत नसेल म्हणून सांगतो. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याची ही स्पर्धा २०१७ साली सुरू झाली. संघ सहा जणांचा, आणि त्यात किमान एक मुलगी असलीच पाहिजे, असा नियम. वेगवेगळी मंत्रालयं आपापल्या अडचणी प्रश्न म्हणून देतात. ते नको असतील तर स्वतःची कल्पनाही मांडता येते. आधी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत फेरी होते, तिथून पुढे गेलेले संघ आपली कल्पना देशपातळीवर पाठवतात. तिथे निवड झाली की महाअंतिम फेरी. सॉफ्टवेअरवाल्यांना सलग ३६ तास बसून काम करावं लागतं, तेही देशात जे केंद्र मिळेल तिथे जाऊन.

ही बातमी भाचीला कुठल्या सूचनेवरून कळली नव्हती. सरांचा अधिकृत व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण त्यावर बहुतेक हजेरी आणि फीच्याच सूचना येतात. खऱ्या बातम्या मुलांच्या दुसऱ्या ग्रुपवर फिरतात, ज्यात मुली नाहीत. तिथे आठवडाभर चर्चा झाली, विषय ठरला नाही, पण पाच जण ठरले. मग कुणीतरी नियमावली शेवटपर्यंत वाचली. आणि मग हिला फोन.

सांगताना ती हसत होती. पण बॅग आपटली होती, हे मी पाहिलं होतं.

मला माझं १९९९ आठवलं. मी तेव्हा बी.एस्सी.ला होतो. कॉलेजात कॉम्प्युटर विषय नव्हता. बाजारातल्या एका क्लासमध्ये नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' घेऊन मी सी भाषा शिकत होतो. चार कॉम्प्युटर आणि पंधरा मुलं, म्हणजे हाताला की-बोर्ड कधी लागायचा याचा हिशोब तुम्हीच करा. कॉलेजच्या जिन्याखाली नोटीस बोर्ड होता, काचेच्या दाराचा. त्याची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई रजेवर. त्या बोर्डावर एके दिवशी मुंबईच्या आयआयटीच्या टेकफेस्टचं पोस्टर लागलं. हा महोत्सव नुकताच, १९९८ ला सुरू झाला होता. मी प्रोग्रॅमिंग स्पर्धेची तारीख वहीत उतरवून घेतली आणि मग लक्षात आलं, ती मागच्या आठवड्यातली होती. कोकण रेल्वे सुरू होऊन वर्ष झालं होतं, म्हणजे रात्री कुडाळला बसून सकाळी मुंबईत उतरता येत होतं. अडला होता तो कागद, ऑफिसातून जिन्याखालपर्यंत यायला.

म्हणून मी भाचीला म्हटलं, "कशाला का घेईनात, आत जा. एकदा आत गेलीस की कोण काय करतो ते दिसतंच."

विषय तिनेच काढला. पाच मुलांना ड्रोन हवं होतं. ड्रोन कुणी पाहिलेलं नव्हतं, एका लग्नात वरून फिरलेलं सोडलं तर. हिने रापण सुचवली.

मालवणबाहेरच्या वाचकांसाठी: रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून ते अर्धगोलात समुद्रात सोडत जातात आणि दोन्ही टोकांना माणसं उभी राहून ते किनाऱ्याला ओढतात. मासळी विकली की खर्च काढून उरलेल्या पैशाचे वाटे होतात. नारळी पौर्णिमेच्या आसपास जाळी दुरुस्त करत बसलेल्या म्हाताऱ्यांकडे ही दोन दिवस वही घेऊन जाऊन बसली. आमच्या नानांची तिथे जुनी ओळख, त्यामुळे कुणी हाकललं नाही. जाळ्याचा वाटा किती, होडीचा किती, ओढणाऱ्याचा किती, अर्ध्यावर आलेल्याला काय, शाळा बुडवून दोरी धरलेल्या पोराला काय, हे सगळं तिने उतरवून आणलं. एक गोष्ट मात्र तिला कुठल्या नियमात बसवता येईना. आजारी पडलेल्या माणसाच्या घरी वाटा जातो. कधी पूर्ण, कधी अर्धा. कधी किती, असं विचारल्यावर एक म्हातारा म्हणाला म्हणे, "ता बघान करूचा." ते बघून करायचं.

"मामू, हे कोडमध्ये कसं लिहू?"

मी तिला ख्वारिज्मीची गोष्ट सांगितली. मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी, नवव्या शतकात बगदादला होता. त्याच्या नावावरून 'अल्गोरिदम' शब्द आला, हे त्यांच्या पुस्तकात एका ओळीत असतं, पोरं ते पाठ करतात आणि सोडून देतात. (आपल्याकडे काही जण उलट टोकाला जातात, आयफोनसुद्धा बगदादेत निघाला म्हणून सांगतात. त्यांना हात जोडतो.) पण ज्या 'अल्-जब्र'वरून बीजगणिताला युरोपात नाव मिळालं, त्या पुस्तकाचा मोठा भाग कशावर आहे? वारसाहक्कावर. माणूस मेला, मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली, शिवाय मृत्युपत्रात परक्या माणसाला काही दिलेलं, तर कुणाला किती. वाटे काढताना भांडण होऊ नये, हाही त्या गणिताचा एक उपयोग होता. भाचीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्याच्याकडे पण रापणच होती." मग तिने उपाय काढला. आजाऱ्याच्या वाट्याची जागा प्रोग्रॅमने रिकामी ठेवायची, तो आकडा माणसांनी भरायचा, आणि कुणी भरला ते नोंदवायचं.

तेवढ्यात गणपती आले. कॉलेजची अंतर्गत फेरी गणपतीनंतर लगेच ठेवलेली. दिल्लीतल्या वेळापत्रकाला काय माहीत की चतुर्थीला कोकणात कुणालाही काम सांगायचं नसतं. पाच मुलं पाच गावी गेली, आचरा, पोईप, कट्टा, कुठे कुठे. ग्रुपवर फक्त आरतीचे फोटो यायचे. आमच्या वाडीत सगळीकडे पाहुणे, आमच्याकडेही शेजारच्या घरातून करंज्या आल्या होत्या आणि दुकान बंद होतं. त्या पाच दिवसांत सगळी प्रेझेंटेशन आणि अर्ध्याहून जास्त प्रोग्रॅम हिने माझ्या दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर एकटीने लिहिला. लाइट गेली की थांबायची, आली की पुन्हा.

अंतर्गत फेरीत बोलायला मात्र टीम लीडर उभा राहिला. हिला शेवटची, आभाराची स्लाइड दिली होती. परीक्षकाने विचारलं, रक्कम वाट्यांनी नीट भागली नाही तर उरलेले रुपये कुणाचे? लीडरने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, त्या रापणीत उरलेले पैसे दोरीच्या खर्चाला ठेवतात, म्हणून प्रोग्रॅमही तसंच करतो. पुढचे सगळे प्रश्न तिलाच आले. संघ पुढे गेला.

त्या मुलांबद्दल वाईट लिहायचा माझा हेतू नाही. त्यातल्या दोघांनी नंतर तिच्या घरी येऊन माफी नाही, पण चहा मागितला. आमच्याकडे ते जवळपास तेच असतं.

खरी अडचण घरात होती. महाअंतिम फेरी म्हणजे ३६ तास, मधे रात्र, केंद्र कुठेही, सोबत पाच मुलं. एक शिक्षक असतील, बाई असतील की नाही माहीत नाही. आपाने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, जेवणं झाल्यावर विषय काढला. दुलाभाई कुवेतला, ते व्हिडिओ कॉलवर. ते म्हणाले, "शिकवायला मी कधी नाही म्हटलं नाही. पण रात्रीचं काय?" अम्मी काही बोलली नाही, तस्बीह फिरवत राहिली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात कॉम्प्युटरचं कळतं ते मला, पेपरात-ब्लॉगवर मुलींच्या शिक्षणाबद्दल लिहितो तो मी. इथे या पानावरही लिहिलंय, जुने वाचक सांगतील.

मी म्हटलं, "आधी निवड तर होऊ दे. मग बघू."

बघान करूचा.

यादी लागली त्या दिवशी ती दुकानात उभी होती. स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं. संघाचं नाव नव्हतं. जे निवडले जात नाहीत त्यांना कुणी कळवत नाही, यादीत नाव नसणं हीच बातमी. देशभरातून हजारो कल्पना जातात, त्यात आमची राहिली, यात अन्याय काही नाही. मी आपाला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं, प्रश्नच मिटला." आणि मी "हो ना" म्हटलं. अगदी सहज म्हटलं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

भाची समोरच उभी होती. तिने लॅपटॉप बंद केला, चार्जर गुंडाळला, आणि सलाम करून गेली. आठ-दहा दिवस ती दुकानाकडे फिरकली नाही. १९९९ च्या त्या शिपायावर मी पंचवीस वर्षं चिडून होतो. त्या दहा दिवसांत मला त्याची फार आठवण आली.

मग एका शनिवारी ती आली ती हातात एक कागद घेऊन. म्हणाली, "शुद्धलेखन बघ आणि पाच प्रती काढ." कागदावर तिने मराठीत लिहिलं होतं: स्पर्धेचं नाव, शेवटची तारीख, कोण भाग घेऊ शकतं, पैसे किती, राहावं लागतं का, मुलींना राहायची सोय आहे का, जवळचं स्टेशन कुठलं. इंग्रजी नोटिशीत शेवटच्या तीन गोष्टी नसतातच. आमच्याकडे घरातल्यांना पहिल्यांदा त्याच विचाराव्या लागतात. एक प्रत माझ्या दुकानाच्या काचेवर लावली, बाकीच्या मुलींच्या कॉमन रूममध्ये. आता दर पंधरवड्याला नवा कागद येतो. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहतो.

त्यातला पहिला कागद 'आविष्कार'चा होता. ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा. मुंबई विद्यापीठात आधी विभागवार फेऱ्या होतात, त्यामुळे सिंधुदुर्गातल्या मुलांना सुरुवात जिल्ह्यातच करता येते. पोस्टर लावून परीक्षकांसमोर उभं राहायचं. यात संघात मुलगी हवी वगैरे नियम तिला लागला नाही, ती स्वतःच्याच नावावर गेली, विषय रापणीचे वाटे. पोस्टर मी छापून दिलं, पैसे घेतले नाहीत. हिशोबात ती पक्की आहे, नंतर आणून देईन म्हणाली.

ती विभागातून पुढे गेली. पुढची फेरी मुंबईला. आपाने पुन्हा जेवण झाल्यावर विषय काढला, दुलाभाई पुन्हा फोनवर. या वेळी "रात्रीचं काय" हे वाक्य कुणी बोलायच्या आधी मी म्हटलं, "ती जाईल." अम्मीने तस्बीह थांबवली आणि विचारलं, "थंडी असेल ना गाडीत? शाल दे तिला."

रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून मी तुतारी एक्स्प्रेसचं बुकिंग उघडलं. कुडाळ ते दादर. भाची बाजूला उभी होती.

"एक काढू की दोन?"

"माझं एक," ती म्हणाली. "तुला यायचं असेल तर तुझं तू काढ."

मी दोन काढली. दोन्ही वेटिंगवर, २३ आणि २४.