न चाखतां

आम्हांस स्वयंपाक येत नाहीं. चहा करतां येतो, आणि घरांत कोणी नसलें तर पोह्यांवर तेल-तिखट घालून वेळ निभावतां येते, एवढेंच. असें असतां २०२४ सालच्या दिवाळीच्या सुटींत, पॅरिस शहरीं मुलाच्या बिऱ्हाडीं, आम्हीं एक फ्रेंच पदार्थ आरंभापासून अखेरपर्यंत स्वहस्तें केला. आणि तोहि गोमांसाचा. हें वाक्य लिहितांना लेखणी अडखळली हें कबूल केलें पाहिजे. ज्या वाचकांस पुढें वाचवणार नाहीं त्यांनीं येथेंच पान उलटावें. आम्ही त्यांस दोष देणार नाहीं. दहा वर्षांपूर्वीं आम्हीं स्वतः तेंच केलें असतें.

पदार्थाचें नांव ‘आशी पार्मांतिये’. पहिला शब्द ऐकून मराठी माणसास ‘अशी म्हणजे कशी?’ असें विचारावेंसें वाटतें. कुऱ्हाडीला फ्रेंच भाषेंत ‘आश’ म्हणतात. त्यावरून ‘आशी’ म्हणजे तोडून बारीक केलेलें. रविवारीं ज्या घरीं गाजरें, सलगम आणि कांदे यांबरोबर गोमांस तीन-चार तास मंद आंचेवर शिजतें, त्या घरीं सोमवारीं किंवा मंगळवारीं त्याचा उरलेला भाग बारीक चिरून, कांद्यावर परतून, वर कुसकरलेल्या बटाट्यांचा जाड थर देऊन ओव्हनमध्यें भाजतात. इंग्रजांचा ‘कॉटेज पाय’ हा याचा चुलतभाऊ. आमच्याकडे रात्रीं उरलेल्या भाताचा सकाळीं फोडणीचा भात होतो, त्याच कुळींतला हा पदार्थ. मेजवानीला तो सहसा कोणी करीत नाहीं. शाळेंतल्या जेवणांत तो हटकून असतो, आणि मुलांना आवडतो.

आमची नात पांच वर्षांची आहे. शाळेला सर्वसंतांच्या सणाची दोन आठवडे सुटी होती. चिरंजीव कामानिमित्त परगांवीं गेलेले, आणि सूनबाई जिना उतरतांना पाय मुरगळून कोचावर पडून होती. मंगळवारीं सकाळीं, जेवायला काय हवें असें आम्हीं नातीला विचारलें. “आशी,” ती म्हणाली, आणि लगेच स्वतःच पुढें म्हणाली, “पण तें नाहीं करायचें. आजोबा आहेत ना.” आजोबा म्हणजे आम्हीच. समोर बसलेल्या माणसाविषयीं घरांत ऐकलेला नियम तिनें पाढा म्हणावा तसा म्हणून दाखविला.

त्या घरीं आम्ही तिसऱ्यांदा आलों होतों. तेथें गोमांस दिसत नाहीं याचें आम्हांस प्रत्येक वेळीं मोठें समाधान वाटे. मुलानें आपलें वळण राखलें आहे, असें पुण्यास परतल्यावर चार मित्रांना आम्ही सांगतहि असूं. आतां उलगडा झाला. आम्ही आलों म्हणजे तें जात असे, आणि आम्ही गेलों म्हणजे परत येत असे. नातीनें आमचा हात धरून आम्हांस फ्रिजपाशीं नेलें आणि खालच्या कप्प्यांत, भाजीच्या मागें सरकवलेला डबा दाखविला. विहीणबाईंनीं रविवारीं आपल्या घरीं शिजविलेल्या मांसांतला वाटा लेकीला दिलेला होता. आम्ही परत जाईपर्यंत तो टिकणें शक्य नव्हतें; तेव्हां आम्ही फिरावयास बाहेर पडलों कीं तो संपविण्याचा बेत असावा. आमच्या पाठीमागें घाईघाईनें जेवणाऱ्या मायलेकी डोळ्यांसमोर आल्या, आणि आम्हांस अगदीं अवघडल्यासारखें झालें.

“आपण करूं,” आम्ही म्हणालों.

सूनबाई कोचावरून उठूं लागली. “नको बाबा, मी तिला अंडें करून देतें.” तिला बसवून आम्हीं कृति सांगण्याची विनंति केली. मग धीर यावा म्हणून पुण्यास फोन लावला. आमच्या कुटुंबानें सर्व हकीकत ऐकून घेतली आणि क्षणभर थांबून उत्तर दिलें, “पोरीला उपाशी ठेवूं नका. बाकीचें घरीं आल्यावर पाहूं.”

आम्हीं आधीं बटाटे घेतले, कारण बटाट्याशीं आमचें भांडण नाहीं. मूळचा हा दक्षिण अमेरिकेंतल्या अँडीज पर्वतांतला. त्याचें नांव आपण पोर्तुगिजांकडून उचललें. आणि आज तो आपल्या घरीं एकादशीला चालतो. तांदूळ व गहूं हे आपले पिढीजात सोयरे त्या दिवशीं बाहेर तिष्ठत असतात, आणि जुन्या ग्रंथांत ज्याचें नांवहि असणें शक्य नाहीं असा हा परदेशस्थ सोवळ्यांतल्या पातेल्यांत जाऊन बसतो! फ्रान्समध्यें त्याचें नशीब उलटें होतें. तो डुकरांचें खाद्य समजला जाई. त्यानें कुष्ठरोग होतो अशीहि समजूत होती. आंत्वान पार्मांतिये हा १७३७ सालीं मोंदिदिए गांवीं जन्मलेला गृहस्थ सैन्यांत औषधें तयार करी. सप्तवार्षिक युद्धांत तो प्रशियाच्या कैदेंत पडला. तेथें त्याला बटाट्यांवर दिवस काढावे लागले. रोग झाला नाहीं, उलट प्रकृति चांगली राहिली. परत आल्यावर त्यानें उरलेलें आयुष्य या एका कंदाच्या वकिलींत घालविलें. १७७२ मध्यें पॅरिसच्या वैद्यकशाळेनें बटाटा खाण्यास निर्धोक असल्याचा निर्वाळा दिला. पुढें साब्लोंच्या माळावर त्यानें बटाटे लावले, दिवसा शिपायांचा पहारा ठेवला आणि रात्रीं मुद्दाम उठविला, म्हणजे लोकांना हें पीक मौल्यवान वाटून त्यांनीं तें चोरून न्यावें, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, लोकस्वभाव तींत बरोबर ओळखलेला आहे.

एक किलो बटाटे सोलून, थंड पाण्यांत मीठ घालून शिजत ठेवले. ते मऊ झाल्यावर पाणी काढून, हातानें फिरवावयाच्या चाळणींतून गाळले. विजेचें यंत्र लावूं नका, असें सूनबाईनें कोचावरून बजावलें. त्यानें बटाट्यांतलें पीठ फुटून त्याची खळ होते. मग ऊन दूध आणि लोणी घालून सारखें केलें. येथपर्यंत आम्ही खुशींत होतों.

नंतर डबा उघडला. आंत काळसर तपकिरी रंगाचे, धागे सुटलेले तीन-चार तुकडे होते. भयंकर असें त्यांत कांहींच नव्हतें, आणि त्याचेंच नवल वाटलें. सुरी हातांत घेतली आणि हात थांबला. विचार करून तो थांबला नाहीं. पन्नास वर्षें जें शिकला होता तें त्याला आठवलें, इतकेंच. नात ओट्याशीं स्टुलावर उभी राहून पाहत होती.

“आजोबा, तुम्ही हें का नाहीं खात? घाण आहे?”

कोचावरची मासिकाचीं पानें उलटण्याचा आवाज बंद झाला. तीस वर्षें परीक्षा घेतल्या; एवढा अवघड प्रश्न आम्हीं कोणास घातला नसेल. “घाण नाहीं,” आम्ही म्हणालों. “आमच्या घरीं गाय घरांतली समजतात. घरांतल्याला खात नाहीत.”

“आणि मामीच्या घरीं?” (फ्रेंच मुलें आजीला ‘मामी’ म्हणतात, त्यामुळें विहीणबाईंचें नातें आमच्या कानाला नेहमीं चुकीचें लागतें.)

“मामीच्या घरीं ती शेतांतली.”

तिला तें पटलें. आम्हांस पूर्ण पटलें असें नाहीं, पण सुरी चालूं लागली. लोण्यावर कांदा गुलाबी होईपर्यंत परतला, लसूण घातला, मग तें बारीक केलेलें मांस, थोडी पार्स्ली, आणि कोरडें पडूं नये म्हणून त्याच डब्यांतलें डावभर कढण. आतां मिठाची वेळ आली.

“चाखून पाहा,” सूनबाई संवयीनें बोलून गेली, आणि लगेच तिनें जीभ चावली.

आम्हांस मात्र त्या क्षणीं आमची आजी आठवली. सणावारीं ओलेत्यानें स्वयंपाक करी, आणि नैवेद्य दाखविण्यापूर्वीं एक कण जिभेला लावीत नसे. वीस माणसांची आमटी, पुरण, कोशिंबिरी. मीठ सारें चिमटीच्या अंदाजानें, आणि कधीं उणें-अधिक झालेलें आठवत नाहीं. न चाखतां रांधण्याची विद्या आमच्या घरांत होती तर! आम्हीं चिमटींत मीठ घेतलें, आजीसारखें हात उंच धरून सोडलें, आणि पहिला चमचा फुंकून नातीपुढें धरला. “अजून,” ती म्हणाली. पुन्हां चिमूट. “आतां झालं.”

खोलगट भांड्याला लोणी लावून खालीं मांस, वर बटाटा पसरला. वरच्या थरावर कांट्यानें रेघा ओढण्याचा हक्क नातीचा. तिनें नांगरटीसारख्या ओढल्या आणि किसलेलें चीज पेरलें. दोनशें अंशांवर अर्धा तास. आमच्यासाठीं थोडे बटाटे दूध-लोण्याआधींच बाजूला काढले होते. त्यांना आम्हीं जिरें-मिरचीची फोडणी दिली. तिघेंहि एका टेबलाशीं बसलों. त्या घरांत आमच्या देखत तो पदार्थ प्रथमच वाढला गेला. सूनबाईनें पहिला घास जरा हळूच घेतला. नंतर ती भरभर जेवली. नातीनें कडेची करपलेली साय खरवडून खाल्ली.

संध्याकाळीं नातीनें विहीणबाईंना फोनवर सर्व वर्णन ऐकविलें. तिकडून एकच प्रश्न आला: जायफळ घातलें होतें काय? आम्ही ओट्याकडे पाहिलें. सूनबाईनें सांगून किसणीशेजारीं काढून ठेवविलेलें जायफळ, आमच्याच कुटुंबानें बासुंदीसाठीं पुण्याहून पाठविलेलें, जसेंच्या तसें पडलें होतें. आजीच्या विद्येंतला आमचा वाटा तेवढाच निघाला.

त्या वर्षीं आपलें लक्ष्मीपूजन आणि त्यांचा सर्वसंतांचा दिवस एकाच तारखेस, १ नोव्हेंबरला, आले. त्या दिवशीं फ्रेंच लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंतीचीं फुलें ठेवतात. पेर लाशेजची दफनभूमि मुलाच्या घरापासून चालत जाण्याजोगी आहे, आणि १८१३ सालीं वारलेला पार्मांतिये तेथेंच पुरलेला आहे. आम्ही दरवाजाशीं शेवंतीची एक कुंडी विकत घेऊन आंत गेलों. पाहतों तों त्याच्या थडग्यावर लोकांनीं बटाटे ठेवलेले. नातीनें कोटाच्या खिशांतून मंगळवारचा उरलेला एक बटाटा काढला, तो त्यांच्या ओळींत नीट बसविला, आणि आमच्या कुंडीकडे पाहून ‘हें नको’ अशी मान हलविली.

कुंडी घरीं आणली. आमच्याकडे शेवंती पूजेची. त्या देशीं ती थडग्याची, आणि कोणी ती घरांत घेत नाहीं, हें आमच्या ध्यानीं उशिरां आलें. दार उघडतांच सूनबाईची नजर कुंडीवर खिळली. ती कांहीं बोलली नाहीं. लंगडत लंगडत पुढें आली, आमच्या हातांतून कुंडी घेतली, आणि पाटावर मांडलेल्या लक्ष्मीच्या तसबिरीशेजारीं, समईला धक्का लागणार नाहीं अशा बेतानें ठेवली.