ग्रेट साउथ रोड

पेनरोजला नोकरी लागली तेव्हा खडकीला फोन करून बाबांना सांगितलं, "ऑफिस ग्रेट साउथ रोडवर आहे." नाव भारदस्त, प्रत्यक्षात टायरची दुकानं, गोदामं, गाड्यांची शोरूम. याच रस्त्याचा ड्रुरी ते पोकेनो हा पुढचा भाग १८६२ मध्ये ब्रिटिश सैनिकांनी बांधला, हे मला बऱ्याच नंतर कळलं. कशासाठी, तर वाइकाटोच्या माओरींवर चालून जाण्यासाठी. १८६३ च्या जुलैत फौज निघाली आणि पुढे सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त झाली. खडकीकराला यात नवल वाटू नये. आमच्याकडे ५ नोव्हेंबर १८१७ ला लढाई झाली आणि बाराच दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. तीही एक कंपनीच होती म्हणा!

आता फौज लागत नाही. मागच्या वर्षी आमचा कारखाना परदेशी मालकाने घेतला. कॅन्टीनमध्ये केक कापला, नवे साहेब गोड बोलले. सहा महिन्यांत पॅकिंग विभाग बंद. एकवीस वर्षं तिथे काढलेला माझा वाइकाटोचा मित्र खोक्यात कप आणि फोटो भरत होता. मला काय बोलावं सुचेना. तोच म्हणाला, "निदान नुकसानभरपाई तरी दिली. माझ्या खापरपणजोबांना तेवढीही नव्हती."

घरी आल्यावर सहज हिशेब मांडला. घराचं कर्ज ज्या बँकेचं, ती ऑस्ट्रेलियन मालकीची; इथल्या चारही मोठ्या बँका तशाच. फ्रीज फिशर अँड पायकेलचा, १९३४ साली ऑकलंडमध्ये सुरू झालेल्या कंपनीचा, पण २०१२ पासून ती चीनच्या हायरची. फ्रीज उत्तम चालतो, तक्रार नाही.

आणि आपण तरी कोण मोठे सोवळे? २००७ मध्ये टाटांनी कोरस घेतली, पुढच्या वर्षी जग्वार लँड रोव्हर, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. गोऱ्यांची जिरवली, असंच वाटलं होतं. वेल्समधल्या पोर्ट टॅल्बॉटच्या पोलाद कामगाराच्या घरी त्या दिवशी काय बोलणं झालं असेल, हा विचार मनाला शिवलाही नाही.

मित्राला आता हॅमिल्टनला काम मिळालंय, 'द बेस' नावाच्या मॉलमध्ये. १९९५ च्या समझोत्यात वाइकाटो-टाइनुईंना १७ कोटी डॉलरची भरपाई मिळाली, काही जमीनही परत आली. त्यातल्याच एका जमिनीवर हा मॉल उभा आहे. पूर्वी तिथे हवाई दलाचा तळ होता.