अर्ज जूनमध्येच का करायचा

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी माझा फोन हमखास वाजतो. "सर, माझा रायटर येत नाही म्हणतोय." दिव्यांग विद्यार्थ्याने सांगितलेली उत्तरं लिहून देणारा विद्यापीठाच्या परिपत्रकात 'लेखनिक' असतो, मुलांच्या तोंडी 'रायटर'. मी अर्थशास्त्र शिकवतो आणि चौदा वर्षं आमच्या कॉलेजच्या समान संधी कक्षाचं काम बघतो. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे पोचायला जिना चढावा लागत नाही, हा तिचा एकमेव गुण.

मुलं येतात ती फाईल घेऊनच. यूडीआयडी कार्ड, सिव्हिलचं सर्टिफिकेट, आधारच्या तीन झेरॉक्स. सर्टिफिकेटवर '४५ टक्के' लिहिलेलं असतं. तीन तासांचा पेपर लिहिताना या मुलाला काय लागेल, हे त्यावर कुठेच नसतं. एकाचा पाय पोलिओने गेलेला, दुसऱ्याच्या उजव्या हातात जोर नाही. कागदावर दोघंही ४५. पहिल्याला बैठक क्रमांक तळमजल्यावर हवा, दुसऱ्याला रायटर. म्हणून मी "तुला काय झालंय?" असं विचारत नाही, ते डॉक्टरांनी विचारून झालेलं असतं. मी विचारतो, "मागच्या पेपरात नेमकं कुठे अडलं?"

या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच अर्ज. पण आपल्याकडे अर्ज लिहायचा म्हटला की हात आपोआप जोडले जातात. 'मी दिव्यांग असून मला सहकार्य व्हावे ही नम्र विनंती.' यात मंजूर काय करायचं? त्यावर 'नोंद घेतली' असा शेरा पडतो आणि कागद फाईलला लागतो. त्याऐवजी 'माझा हात अर्ध्या तासानंतर आखडतो, म्हणून लेखनिक आणि तीन तासांच्या पेपराला एक तास जादा मिळावा' असं लिहिलं, तर समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. नाही म्हटलं तर कारण लेखी मागता येतं.

आणि ही मेहेरबानी नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ७ प्रकारांच्या जागी २१ प्रकार मान्य केले. जादा वेळ आणि लेखनिक यांचा उल्लेख त्याच्या कलम १७मध्येच आहे. २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी दर तासाला किमान २० मिनिटं जादा ठरवून दिली. तरीही "चाळीस टक्के भरत नाहीत, मग रायटर कसा देणार?" हे वाक्य मी इतक्या टेबलांवर ऐकलंय की आता राग येत नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचं उत्तर दिलं. लिहिताना हात आखडणाऱ्या, यूपीएससी देणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं, ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे; लेखनिक द्यायला ती लावता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२मध्ये ४० टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या सूचनाही निघाल्या. दोन्हींच्या झेरॉक्स माझ्या खणात असतात. कायदा पाठ असलेला क्लार्क मला अजून भेटलेला नाही, झेरॉक्स बघून ऐकणारे मात्र पुष्कळ भेटले.

एक चूक माझीच. टीवायच्या एका अंध विद्यार्थ्याला मी अकरावी सायन्सचा रायटर दिला. मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखं. पेपरात मागणी वक्र आला. विद्यार्थ्याने सांगितलं, "डावीकडून उजवीकडे उतरती रेघ काढ." रायटरला वाटलं, हा चुकतोय, त्याने भल्या मनाने रेघ चढती काढली. 'सीमांत उपयोगिता'चंही त्याने काहीतरी भलतंच लिहिलं. गुण गेले ते सांगणाऱ्याचे. परीक्षेच्या दोन दिवस आधी लेखनिकाला भेटता आलं पाहिजे, असं २०१८च्या सूचनांत आहे. मला ती औपचारिकता वाटली होती. आता दोघांना आधी तासभर बसवून जुना पेपर लिहायला लावतो. रायटरला उत्तर येत नसलं तरी चालतं. सांगितलेलंच लिहायचं, हे त्याला यावं लागतं.

काही सोयींना ना सर्टिफिकेट लागतं ना पैसा. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए फुकट आहे आणि मराठी वाचतं. पण आमच्या नोट्स वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. त्या उघडल्या की ते इंग्रजी अक्षरांचा चिवडा ऐकवतं. नोट्स युनिकोडमध्ये द्या, एवढंच मागायचं असतं. यावर कुरकुर विद्यार्थी करत नाहीत, प्राध्यापक करतात.

अर्जच नको म्हणणारेही असतात. कमी ऐकू येणाऱ्या एका मुलीची आई म्हणाली, "सर, कागदावर नको. उद्या स्थळं येतील." यावर मी काय बोलणार? तिला पहिल्या बाकावर बसवलं, फळ्याकडे तोंड करून बोलू नका असं सहकाऱ्यांना सांगितलं. वर्ष निभावलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांना मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी मान खाली घालून प्रश्न विचारले आणि तिने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. कागद असता तर प्रश्न लिहून मागता आले असते.

म्हणून म्हणतो, अर्ज जूनमध्ये करा. सिव्हिलची तारीख मिळायला वेळ लागतो, विद्यापीठाच्या मंजुरीला लागतो आणि सगळ्यांत जास्त लागतो रायटर शोधायला. विद्यार्थी स्वतःचा रायटर आणणार असेल तर तो विद्यार्थ्यापेक्षा खालच्या वर्गातला असावा लागतो. मी किंवा तुम्ही पदवीधर असून उपयोग नाही. तुमच्या घरात बारावीचं किंवा एफवाय-एसवायचं मूल असेल आणि त्याला ऐकलेलं जसंच्या तसं लिहिता येत असेल, तर त्याचं नाव जवळच्या कॉलेजात देऊन ठेवा. आमच्या यादीत या घडीला मागणारे अकरा आहेत, लिहिणारे चार.