आवाज बारीक होईल तिथं थांबा

बँजोला डिस्टॉर्शन पेडल लावतात म्हटलं की पुण्याकडचे गिटारवाले मित्र आधी हसतात. मग मी त्यांना एखाद्या वरातीचा व्हिडिओ पाठवतो. आमच्याकडे ज्याला बँजो म्हणतात तो अमेरिकेतला गोल, कातडं ताणलेला बँजो नाही. हा बुलबुल तरंग. लांबट पेटी, त्यावर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. मूळ वाद्य जपानी. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तैशोगोतो बनवलं, ते फिरत फिरत आपल्याकडे आलं, आणि महाराष्ट्रात कुणीतरी त्याला पिकअप बसवून सरळ गाडीवर चढवलं. २०१६ मध्ये रवी जाधवांचा 'बँजो' सिनेमा आला, त्यात आपला लातूरचा रितेश देशमुख होता. त्यानंतर निदान नाव तरी सगळ्यांना कळलं.

माझे मामा बावीस वर्षं बँजो वाजवतात. किनवटची पार्टी म्हणजे सगळ्या भाषांची पार्टी. गावातल्या लग्नात मराठी, तांड्यावर गेलं की बंजारा गाणी, आदिलाबादकडची सुपारी असली की तेलुगू, आणि १४ एप्रिलला भीमगीतं. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सोल्डरिंग आयर्न दिवसभर गरमच असतं, त्यामुळे पार्टीची वायरिंग आपोआप माझ्याकडे आली.

मामांची अडचण साधी होती. डिस्टॉर्शन लावलं की आवाज जाड होतो, लांब जातो, पोरं नाचतात. पण जलद तुकडा आला की सगळा चिखल. बँजोत एकाच वेळी बऱ्याच तारा वाजतात, त्या कधीच तंतोतंत जुळलेल्या नसतात, आणि डिस्टॉर्शन त्यांना एकमेकींत कालवून टाकतं. प्रत्येक ठोक्याचा 'टण्' कुठे जातो कळत नाही. बास गिटारवाल्यांचं दुखणंही याच जातीचं. डिस्टॉर्शन लावलं की त्यांचा खालचा दणका हरवतो. त्यांनी शोधलेला इलाज म्हणजे सिग्नलच्या दोन वाटा करायच्या. एक पेडलमधून जाते, एक स्वच्छ जाते, आणि शेवटी दोन्ही मिसळतात. पेडल एकामागून एक न लावता शेजारी शेजारी लावायची.

मामांनी हे स्वतःच्या डोक्याने आधीच करून पाहिलं होतं, दोन वाय-केबल घेऊन. तारेतून दोन वाटा फुटतात, पण पिकअप बिचारा अशक्त. दोन ठिकाणी ओढलं की वरचा चकचकीत आवाज मरतो. आणि पुढे दोन आउटपुट नुसते एकत्र बांधले की ते एकमेकांना खातात. एकाचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तर दुसराही जवळपास गप्प. म्हणून सुरुवातीला एक बफर लागतो आणि शेवटी खरा मिक्सर. बॉसचा एलएस-२ हे काम करतो, दोन लूप आणि दोघांना वेगळा लेव्हल नॉब. मी मात्र टीएल०७२ नावाची स्वस्त आयसी वापरून लोखंडी डबीत घरचाच बनवला. दोन नॉब: एक 'साफ', एक 'फाटका'. नावं मामांनी दिली.

डबी दोन संध्याकाळींत झाली. लेव्हल जुळवायला महिना गेला.

कारण जुळणं ही एक जागा नाहीच. स्वच्छ वाटेवर तुम्ही दुप्पट जोराने मारलं की सिग्नल दुप्पट होतो, म्हणजे सहा डेसिबल वर जातो. डिस्टॉर्शनवाली वाट आधीच छताला टेकलेली असते. तिथे जोरात मारा की हळू, पातळी फारशी हलत नाही. म्हणजे गाण्याच्या सुरुवातीला मामा हलक्या हाताने वाजवतात तेव्हा फाटका आवाज साफ आवाजाला झाकतो, आणि शेवटी हात चालू झाला की साफ आवाज उसळून वर येतो. मग जुळवायचं कोणत्या हाताला? आम्ही वरातीतल्या हाताला जुळवलं. बाकी वेळ जे होईल ते होईल.

दुसरी गोष्ट दुकानात बसून हे करू नये. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये दाखवलं होतं की आवाज लहान असला की माणसाच्या कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात. मोठा केला की तेच सूर फुगून येतात. दुकानात मस्त जुळलेला आवाज गाडीवर वेगळाच निघतो. म्हणून आम्ही गोकुंद्याच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर, खऱ्या स्पीकरवर, खऱ्या आवाजात बसायचो. शेजारचे दोनदा येऊन गेले.

तिथेच लक्षात आलं की मामा साफचा नॉब दर वेळी शेवटपर्यंत नेतात. टोनही पूर्ण उघडा. समोर उभी राहिलेली पोरं कानावर हात ठेवायची आणि मामा म्हणायचे, "भाचे, साफ आवाज येऊनच नाही राह्यला."

मी काही बोललो नाही. नंतर नंदीग्रामने नांदेडला एका कामाला जायचं होतं, मामांनाही सोबत नेलं आणि कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी केली. ग्राफ चार हजार हर्ट्झजवळ खड्ड्यात उतरला होता. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचे कान बहुधा तिथूनच जायला लागतात. आणि ठोक्याचा 'टण्' नेमका त्याच भागात राहतो. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा. परतीच्या गाडीत भोकर गेलं, हिमायतनगर गेलं, सहस्रकुंड गेलं, मामा खिडकीबाहेर बघत होते. बोधडीला म्हणाले, "म्हणजे मला जे कमी वाटते ते लोकायला जास्त असते."

पार्टीतल्या एका पोराने उपाय सुचवला. "दादा, त्यांना एक खोटा नॉब लावून दे. कशालाच जोडू नको. ते फिरवत बसतील, आपण खरा आतून चिकटवून टाकू." हा विनोद साउंडवाल्यांच्या जगात जुना आहे, आणि खरं सांगायचं तर चाललाही असता. मामांना फरक कळलाच नसता. मला ते पटलं नाही. बावीस वर्षं ज्यांच्या हातावर ही पार्टी चालली, त्यांच्या हातात रिकामा नॉब द्यायचा?

मी डबी परत उघडली आणि साफ वाटेवर एक बटण बसवलं, सिग्नल उलटा करणारं. वर जाणारी लाट खाली, खाली जाणारी वर. उलटी लाट सुलट लाटेत मिसळली की दोघी एकमेकींना पुसतात, आणि सगळ्यात जास्त पुसतात ती पातळी सारखी असताना. म्हणजे बटण उलटं करून तारेवर एक सूर धरायचा, नॉब हळूहळू फिरवायचा, आणि आवाज जिथे सगळ्यात बारीक होतो तिथे थांबायचं. दोन्ही वाटा तिथे बरोबरीच्या. मग बटण सुलट करायचं, की आवाज छातीएवढा जाड. डिस्टॉर्शन लाटेचा आकारच बदलतं, त्यामुळे पूर्ण शांतता होत नाही. बूड निघून जातं आणि वर नुसती खरखर उरते. काही पेडल आतूनच सिग्नल उलटवतात, त्यांच्या बाबतीत बटणाची बाजू बदलते. ज्या बाजूला आवाज पातळ, ती मोजायची बाजू. (डिजिटल मल्टी-इफेक्ट मात्र या डबीत लावू नका. त्यात सिग्नल एक मिलिसेकंद जरी उशिरा निघाला तरी ५०० हर्ट्झवर भोक पडतं आणि तुम्ही नॉबच फिरवत बसता.)

या पद्धतीला चार हजार हर्ट्झ लागत नाहीत. बूड आहे की गेलं, एवढं कळलं की पुरे, आणि खालचे सूर मामांना माझ्याइतकेच ऐकू येतात. कदाचित जास्तच.

पहिल्यांदा केलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून नॉब तीनदा पुढेमागे नेला आणि एका जागी थांबले. मी जुन्या फोनवरच्या मीटरवर बघत होतो. मीटरची सुई तिथेच सगळ्यात खाली होती. साफचा नॉब त्यांच्या नेहमीच्या जागेपेक्षा अर्ध्याहून खाली होता. सुलट केल्यावर मामांनी जलद तुकडा वाजवला. पोरांनी कानावर हात नेला नाही.

"तुमाले येऊन राह्यला का साफ?" त्यांनी विचारलं.

"येतोय मामा."

"मले नाही येत," ते म्हणाले, आणि तुकडा पुन्हा सुरुवातीपासून घेतला.

आता ढोलाच्या बाजूच्या कानात ते फोमचा बोळा घालतात. बटण डाव्या पायाजवळ हलवून घेतलंय. मी नॉबवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, तो त्यांनी खरवडून काढला. म्हणाले, ठिपका कशाला पाहिजे, तारा बदलल्या की जागा हलतेच. नव्या तारांचं बंडल काल आदिलाबादहून आलंय.